पीएचडीचं पहिलं सेमिस्टर : कोर्स किती घ्यावेत आणि टीएची ड्यूटी कशी बसवावी?

केतकी (इंदूर)
नमस्कार मंडळी. रसायनशास्त्रात पीएचडीला प्रवेश मिळाला आहे, जुलैअखेर सेमिस्टर सुरू होईल. कोर्सवर्कचे एकूण चार कोर्स आहेत, प्रत्येकी तीन क्रेडिटचे. चारही एकाच सेमिस्टरला घेता येतात किंवा दोन-दोन करून वर्षभरात. सोबत टीएची (टीचिंग असिस्टंट, म्हणजे शिकवण्यातल्या मदतनीसाची) ड्यूटी आहे : बी.टेक. पहिल्या वर्षाची केमिस्ट्री लॅब, कागदोपत्री आठवड्याला ८ तास. गाइड म्हणतात सगळं डिसेंबरपर्यंत उरका. सीनियर म्हणतात दोनच घे. दोन्ही बाजूंचा हिशेब कळला तर ठरवता येईल. लॅब आणि कॉप्या (उत्तरपत्रिका) तपासण्याबद्दलही सांगा. इथे इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याची बरीच शिकवणारी मंडळी आहेत म्हणून विचारते.

सिमरोल रोड
कोर्स मोजू नका, तास मोजा. तीन क्रेडिट म्हणजे आठवड्याला तीन लेक्चर, आणि या पातळीवर प्रत्येक लेक्चरमागे दोन तास वाचन आणि गणितं धरावीच लागतात. म्हणजे एका कोर्सचे ९ तास, चारांचे ३६.

आता टीए. आठवड्याला ८ तास म्हणजे १५ आठवड्यांचे १२०. ते जातात कुठे ते पाहा. तीन तासांची लॅब १२ आठवडे : ३६. तयारी आठवड्याला दीड तास : १८. फाइली तपासणं आठवड्याला दोन तास : २४. मिडसेमच्या कॉप्या १५ तास, एंडसेमच्या १५. परीक्षेच्या हॉलमधल्या ड्यूट्या चार, प्रत्येकी तीन तास : १२. बेरीज बरोबर १२०. म्हणजे सरासरी ८ हा आकडा खोटा नाही. फक्त ते तास सारखे पसरलेले नसतात. साध्या आठवड्यात साडेसहा, आणि मिडसेमच्या आठवड्यात कॉप्या आणि दोन ड्यूट्या धरून २१, लॅब चालू असेल तर साडेसत्तावीस. नेमकी त्याच आठवड्यात तुमचीही मिडसेम असते. चार कोर्स घेणारे अडकतात ते तिथे, एरवी नाही.

त्यामुळे पहिल्या सेमिस्टरला तीन कोर्स, उरलेला एक जानेवारीत. तीनांचे २७ आणि टीएचे ८ मिळून ३५, वर आठवड्याला दहा-बारा तास गाइडच्या लॅबमध्ये बसायला मिळतात.

अजून एक : आठवड्याला एक लॅब आहे की दोन, ते आधी विचारा. दोन बॅच असतील तर नुसत्या उभं राहण्याचेच ३६ चे ७२ होतात आणि एकूण १५६. तसं असेल तर कोर्सच्या सरांना पहिल्याच आठवड्यात हा हिशेब दाखवून फाइलींचं काम दुसऱ्या टीएकडे द्यायला सांगा. दहाव्या आठवड्यात सांगून काही होत नाही, तोवर सगळ्यांचं वाटप ठरलेलं असतं.

लष्करवासी (ग्वाल्हेर)
तीनचा सल्ला मला पटत नाही. दोन सेमिस्टर कोर्सवर्क चाललं की पहिलं वर्ष संपतं आणि हातात संशोधनाचं पान नसतं. फेलोशिपचा ३७ हजारांचा टप्पा दोन वर्षांचा, त्यानंतर ४२ हजार मिळतात ते प्रगती पाहून. विद्यापीठात तर कोर्सवर्क झाल्याशिवाय सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) आरडीसीपुढे, म्हणजे तो मंजूर करणाऱ्या समितीपुढे, जात नाही, आणि आरडीसीची बैठक वर्षातून मोजक्या वेळाच होते. एक कोर्स उरला म्हणून बैठक हुकली की पुढचे महिने हात चोळत बसायचं. गाइड घाई करतात त्यामागे हे कारण असतं. चार घ्या, पण चारांत एक टर्म पेपरचा (परीक्षेऐवजी लेख लिहायचा) आणि एक सेमिनारचा असा निवडा, म्हणजे लेखी परीक्षा दोनच उरतात.

सिमरोल रोड
@लष्करवासी, आरडीसीचा मुद्दा विद्यापीठासाठी बरोबर आहे. केतकीताईंची लॅब बी.टेक.ची आहे, टीए ८ तासांचा आहे, म्हणजे संस्था आयआयटीसारखी दिसते. त्यांच्याकडे सिनॉप्सिसचं वेळापत्रक वेगळं असू शकतं. आणि टर्म पेपरचा कोर्स हलका नसतो. त्याचा भार शेवटच्या दोन आठवड्यांत पडतो, तेव्हाच एंडसेमच्या कॉप्या येतात. चौथ्या आठवड्यापर्यंत विषय आणि पंधरा संदर्भ ठरले नाहीत तर तो कोर्स लेखी परीक्षेपेक्षा जड जातो. विषय मात्र असा घ्यावा की तोच पुढे सिनॉप्सिसमधल्या साहित्य-आढाव्यात बसेल.

मांजलपूरकर (बडोदा)
नियमांचा गोंधळ होऊ नये म्हणून लिहितो. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या पीएचडी नियमांत कोर्सवर्क किमान १२ क्रेडिट आहे. त्यात रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्सचा कोर्स आलाच पाहिजे, तो दोन क्रेडिटचा, ३० तासांचा. कोर्सवर्कला ५५ टक्के किंवा समकक्ष ग्रेड नसेल तर पुढे जाता येत नाही. शिकवण्याचं काम आठवड्याला ४ ते ६ तास देता येतं : ट्यूटोरियल, प्रॅक्टिकल, मूल्यमापन. कालावधी कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं, कमाल सहा, पुनर्नोंदणी घेऊन आणखी दोन. दर सेमिस्टरला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची. हे सगळं महाराजा सयाजीराव, देवी अहिल्या, जीवाजी या विद्यापीठांना लागू.

आयआयटीला हे लागू नाही, तिथे त्यांच्या सिनेटचे नियम चालतात. आठवड्याला ८ तास हा आकडाही तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या असिस्टंटशिपचा आहे. तेव्हा केतकी, आपल्या संस्थेचं ऑर्डिनन्स किंवा पीएचडी मॅन्युअल उघडा आणि तीन गोष्टी शोधा : कोर्सवर्कची शेवटची मुदत, चालू राहण्यासाठी लागणारा किमान सीपीआय (सगळ्या कोर्सच्या ग्रेडची सरासरी), आणि एका कोर्सला कमी ग्रेड आली तर तो पुन्हा करायचा की बदली कोर्स चालतो. चार की तीन याचं निम्मं उत्तर या तिसऱ्या कलमात आहे. पुन्हा करायचा असेल आणि तो कोर्स वर्षातून एकदाच निघत असेल, तर जास्त कोर्स घेऊन एखादा बिघडवणं फार महाग पडतं.

क्षिप्राकाठ
यूजीसीच्या त्याच नियमांत स्त्री संशोधकांना पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा आहे. बऱ्याच जणींना माहीत नसतं.

राजवाडा ते खजराना
केमिस्ट्री लॅबबद्दल सविस्तर लिहितो, कारण टीएचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाया जातो, आणि तो वाचवता येतो.

पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन धरा, ते जवळपास सगळीकडे असतं. ६० मुलं. ब्युरेट धुणं, भरणं, एक अंदाजाचं आणि तीन जुळणारी रीडिंग, असं करून प्रत्येकाला १०० मिली परमँगनेट लागतं. ६ लिटर झाले, सांडलवंड धरून ७ बनवा. ०.१ नॉर्मलसाठी लिटरला ३.१६ ग्रॅम, म्हणजे साधारण २२ ग्रॅम. हे निदान एक दिवस आधी बनवून गडद बाटलीत ठेवायचं. पाण्यातल्या सेंद्रिय अंशाशी त्याची क्रिया होऊन मँगनीज डायऑक्साइडचा गाळ खाली बसतो, तो गाळून घ्यावा लागतो. सकाळी बनवून दुपारी दिलं तर बॅच संपेपर्यंत तीव्रता सरकत राहते.

ऑक्झॅलिकचे लिटरला ६.३ ग्रॅम, दोन रेणू पाणी असलेल्या स्फटिकांचं वजन. प्रत्येकी ६० मिली धरून ३.६ लिटर, ४.५ बनवा. इथे चूक होते ती अशी : पाच फ्लास्कमध्ये वेगवेगळं वजन करून पाच बाटल्या टेबलांवर ठेवल्या जातात. प्रत्येकीची तीव्रता किंचित वेगळी, मग मुलांची उत्तरं जुळत नाहीत आणि गुण देताना वाद होतात. सगळे फ्लास्क एका मोठ्या बाटलीत ओतून हलवा आणि मगच वाटा. त्या एकाच द्रावणाचं टायट्रेशन स्वतः तीनदा करून आलेला आकडा उत्तर म्हणून लिहून ठेवा. मुद्दाम वेगवेगळे नमुने द्यायचे असतील तर चारच करा, बाटल्यांना अ ते ड, आणि कोणाला कोणती दिली ते हजेरीपटावरच टिपा.

बाकी नेहमीच्या चुका : द्रावण ६०-७० अंशांपर्यंत गरम न करता टायट्रेशन सुरू केलं की पहिले थेंब गुलाबीच राहतात, मुलं तोच एंड पॉइंट (क्रिया पूर्ण झाल्याची खूण) समजतात. सल्फ्युरिक ॲसिड कमी पडलं की द्रावण तपकिरी होतं. कोणी सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक घातलं तर परमँगनेट क्लोराइडवरही खर्च होतं आणि रीडिंग जास्त येतं. परमँगनेट गडद असल्यामुळे मेनिस्कसची (द्रावणाच्या वाकलेल्या पृष्ठभागाची) वरची कड वाचायची. ही चार वाक्यं लॅब सुरू होण्याआधी फळ्यावर लिहिली की तीन तासांतले निम्मे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

आदित्य_विजयनगर
एंड पॉइंट किती सेकंद टिकला तर धरायचा? आमच्याकडे प्रत्येक टीए वेगळं सांगतो.

राजवाडा ते खजराना
फिकट गुलाबी ३० सेकंद टिकला पाहिजे. त्याहून जास्त वेळ वाट पाहू नका, नंतर रंग तसाही उडतो. आणि तुमच्या प्रश्नातलीच गोष्ट महत्त्वाची आहे : सेमिस्टरच्या सुरुवातीला सगळ्या टीएंनी एकदा एकत्र बसून हे ठरवायला हवं, किती फरकाला किती गुण तेसुद्धा. नाहीतर मुलं बॅच बदलून मागतात.

फाइली तिथल्या तिथे तपासा. रीडिंगच्या पानावर त्याच दिवशी सही, निकालाचं गणित पुढच्या लॅबच्या पहिल्या वीस मिनिटांत. घरी फाइलींचा ढीग नेला की आठवड्याचे दोन तास चार होतात आणि कोणाची फाइल हरवली यावर आणखी एक दुपार जाते.

प्राची दांडियाबाजार
कॉप्यांबद्दल. १२० कॉप्या, पाच प्रश्न, एका प्रश्नाला दीड मिनिट धरलं तर ९०० मिनिटं, म्हणजे १५ तास. एका बैठकीत अडीच तासांपेक्षा जास्त करू नये, नंतर हात सैल किंवा कडक होतो. म्हणजे सहा बैठका. मिडसेमनंतर दहा दिवसांत गुण द्यायचे असतील तर तुमच्या स्वतःच्या पेपरांचे दिवस वगळून या सहा बैठका आधीच कॅलेंडरवर मांडा.

दोन टीए असतील तर कॉप्या वाटून घेऊ नका, प्रश्न वाटून घ्या. पहिला-दुसरा एकाने, बाकीचे दुसऱ्याने. मग सगळ्या वर्गाला एकच माप लागतं. आधी दहा कॉप्यांत तो प्रश्न नुसता वाचायचा, गुण द्यायचे नाहीत. मुलं काय काय लिहितात ते पाहून मग पायऱ्यांचे गुण ठरवायचे : सूत्र १, किंमती भरणं १, उत्तर आणि एकक १. आधीच्या उपप्रश्नातला चुकीचा आकडा पुढे वापरला असेल तर शिक्षा एकदाच, पुढची पद्धत बरोबर असेल तर पुढचे गुण पूर्ण. ४० कॉप्या झाल्या की पहिल्या पाच पुन्हा पाहा. माप सरकलेलं असेल तर तिथेच कळतं.

कॉप्या मुलांना दाखवण्याआधी कोऱ्या पानांवर तिरपी रेघ मारा. फेरतपासणीची मागणी चिठ्ठीवर, प्रश्नाचा क्रमांक आणि कारण लिहून घ्यायची, तोंडी नाही. आणि आधीच जाहीर करायचं की तो प्रश्न पूर्ण पुन्हा तपासला जाईल, गुण कमीही होऊ शकतात. तेवढ्याने खऱ्या तक्रारी उरतात, आणि त्या मन लावून बघता येतात. मुलांच्या वर्षभराच्या कष्टाचा आपल्या हातून न्याय होतो, तिथे चालढकल नको.

अभ्यासिका
@प्राची, प्रश्नवार तपासणी विज्ञानाला ठीक. इतिहास, साहित्य, समाजशास्त्राच्या ट्यूटोरियलमध्ये १५०० शब्दांचा निबंध असतो, त्याचे तुकडे होत नाहीत. तिथे पूर्ण निबंध एकाच माणसाने वाचावा. आधी सगळे भराभर वाचून तीन गठ्ठे करायचे, मग गठ्ठ्याच्या आत क्रम लावायचा आणि सीमेवरचे निबंध दुसऱ्या टीएशी अदलाबदल करायचे. एका निबंधाला १२ मिनिटं, ४० निबंधांचे ८ तास. शेरे दोनच लिहा : एक युक्तिवादाबद्दल, एक पुढच्या निबंधात काय बदलायचं त्याबद्दल. व्याकरणाच्या चुका पहिल्याच पानावर दाखवायच्या, सगळ्या पानांवर लाल केलं की मूल काहीच वाचत नाही आणि तुमचे तास दुप्पट होतात.

प्राची दांडियाबाजार
मान्य. निबंधाला तुमचीच पद्धत योग्य.

गुणपत्रिका
एक्सेलबद्दल कोणी लिहिलं नाही. सगळ्यात मोठे घोटाळे तिथेच होतात. एकच कॉलम सॉर्ट केला की एकाचे गुण दुसऱ्याला जातात, म्हणून आधी पूर्ण तक्ता निवडायचा. दोन याद्या जोडताना रोल नंबर एकीकडे मजकूर आणि एकीकडे आकडा असेल तर व्हीलुकअपला तो सापडत नाही आणि ते मूल रिकामं राहतं. गैरहजर मुलाला शून्य लिहू नका, एबी (ॲबसेंट) लिहा, नाहीतर सरासरी खाली येते आणि रिलेटिव्ह ग्रेडिंग (वर्गाच्या सरासरीवरून ग्रेड) असेल तर सगळ्यांच्या ग्रेडची रेषा सरकते. हॉलमध्येच कॉप्यांची संख्या आणि हजेरीपटावरच्या सह्या जुळवा. नंतर एक कॉपी कमी निघाली तर ती कुठे गेली हे सांगता येत नाही.

मुरारचा मास्तर (ग्वाल्हेर)
मध्य प्रदेशात पीएचडी करणारे बरेच जण अतिथी विद्वान (कॉलेजातले तात्पुरते प्राध्यापक) म्हणूनही शिकवतात, त्यांच्यासाठी लिहितो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवणं आहे. अतिथी विद्वानावर तेवढेच पिरियड पडले तर कोर्सवर्कचे दोन कोर्ससुद्धा जड जातात. अर्धवेळ पीएचडी नियमात बसते, पण संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं, त्यात संशोधनाला वेळ दिला जाईल असं स्पष्ट यावं लागतं. ते पत्र प्रवेशाच्या वेळीच घ्या. कोर्सवर्कचे वर्ग दुपारी असतील तर सकाळच्या पाळीचे पिरियड मागा आणि टाइमटेबल छापण्याआधी मागा. एकच विषय दोन सेक्शनना मिळाला तर तयारी निम्मी होते. तीन वेगवेगळे विषय आणि बारा पिरियड, त्यापेक्षा एक विषय आणि सोळा पिरियड परवडतात.

सावरकर मार्ग
एखादा कोर्स स्वयमवरून (सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल) केला तर? तेवढाच भार कमी.

मांजलपूरकर (बडोदा)
विभागाने आधी लेखी मंजुरी दिली तरच. १२ आठवड्यांचा कोर्स साधारण तीन क्रेडिट, ८ आठवड्यांचा दोन. स्वयमवरच्या एनपीटीईएलच्या कोर्सला असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५. १२ आठवड्यांत उत्तम ८ असाइनमेंट धरतात, त्यामुळे मिडसेमचे आठवडे सुटले तरी चालतं, टीएसाठी ही खरी सोय. अडचणी दोन. परीक्षेची नोंदणी वेगळी असते, शुल्क वेगळं भरायचं आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. कोर्सला नाव घातलं म्हणजे झालं असं समजून मुदत हुकते. दुसरी म्हणजे निकाल परीक्षेनंतर काही आठवड्यांनी येतो, तोवर तुमच्या विभागाची ग्रेड भरायची तारीख गेलेली असू शकते. विभागाला आधी विचारून ठेवा.

अलकापुरी
बडोद्यात नवरात्राचे नऊ दिवस धरून चाला. मिडसेम नेमकी त्याच्या आसपास येते आणि सकाळी आठच्या लॅबला रात्री गरबा खेळून आलेली मुलं असतात. त्या आठवड्यात ॲसिड गरम करायचे प्रयोग ठेवू नयेत, कंडक्टोमेट्रीसारखे (द्रावणाची विद्युतवाहकता मोजण्याचे) ठेवावेत.

राजवाडा ते खजराना
इंदूरला रंगपंचमी तशीच. गेरच्या (रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या) दिवशी शहरात कोणी कामाला जात नाही, त्या आठवड्याच्या बॅचची भरपाई लॅब जानेवारीतच टाइमटेबलमध्ये घालून ठेवा भिया. नंतर रिकामी खोली आणि मोकळा अटेंडंट एकत्र मिळत नाहीत.

केतकी (इंदूर)
खूप आभार सगळ्यांचे. मॅन्युअल पाहिलं. कोर्सवर्कची मुदत दोन सेमिस्टर आहे. कमी ग्रेड आली तर बदली कोर्स चालतो, पण गाइड आणि समितीची मंजुरी घेऊन. लॅबची एकच बॅच आहे, ६० मुलं, दोन टीए. चारपैकी स्पेक्ट्रोस्कोपीचा कोर्स फक्त जुलैत निघतो, सेमिनारचा दोन्ही सेमिस्टरला. मग तीन घेते, सेमिनार जानेवारीत. गाइडना हे कसं सांगावं? आणि मिडसेमच्या आठवड्यातल्या ड्यूट्यांचं काय?

लष्करवासी (ग्वाल्हेर)
बदली कोर्स चालतो आणि मुदत दोन सेमिस्टर आहे म्हटल्यावर तीन ठीक, माझा आग्रह मागे घेतो. गाइडना नुसतं तीन घेते म्हणू नका. एका पानावर आठवड्याचं वेळापत्रक न्या, त्यात त्यांच्या लॅबचे दहा तास ठळक दाखवा आणि डिसेंबरपर्यंत काय हाती येईल ते लिहा : अमुक संयुगाचं संश्लेषण, अमुक उपकरणाचं प्रशिक्षण. त्यांना कोर्सची संख्या नको असते, काम सुरू झालेलं हवं असतं.

सिमरोल रोड
ड्यूट्यांसाठी : परीक्षेचं वेळापत्रक साधारण दोन आठवडे आधी लागतं. लागलं त्याच दिवशी आपले पेपर त्यावर खुणा करून ड्यूटी लावणाऱ्या ऑफिसला ईमेल करा, सोबत अदलाबदलीला तयार असलेल्या टीएचं नाव द्या. नाव दिलं की ऑफिसला फक्त बदल नोंदवायचा उरतो. आपल्या पेपरच्या आदल्या दिवशीची ड्यूटी सोडा आणि त्याबदल्यात शेवटच्या दिवसाची घ्या, ती कोणालाच नको असते म्हणून लगेच बदलून मिळते. लॅबच्या सरांनाही विचारा, मिडसेमच्या आठवड्यात बहुतेक ठिकाणी लॅब बंद ठेवता येते. ती बंद झाली की साडेसत्तावीसवरून २१ वर आलात.

केतकी (इंदूर)
लॅब बंद ठेवण्याबद्दल उद्याच विचारते. दुसऱ्या टीएशी प्रश्न वाटून घेण्याचंही बोलून ठेवते. राजवाडा दादा, परमँगनेट गाळायला साधा फिल्टर पेपर चालेल ना?

राजवाडा ते खजराना
नाही ताई, कागदाशी परमँगनेटची क्रिया होते. सिंटर्ड ग्लासचं फनेल वापरा किंवा ग्लास वूलमधून गाळा. स्टोअरमधून आधीच मागवून ठेवा, सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच लागतं.